भूक कोणाची, संयम कोणाचा?

वाचकहो, 'खादाड' हा शब्द आपण फार सहज वापरतो. पंगतीत एखादा स्थूल माणूस बसला की आपली नजर आधी त्याच्या देहाकडे आणि मग त्याच्या ताटाकडे जाते. ताटावरून आपण त्याच्या मनाची परीक्षा करतो. याचा जिभेवर ताबा नाही, याला स्वतःला आवरता येत नाही, असा निवाडा मनातल्या मनात होऊन जातो. हा निवाडा इतका जुना आणि सर्वमान्य आहे की त्याची उलटतपासणी करावी असे आपल्याला कधी वाटले नाही. आता ती करणे एका औषधाने भाग पाडले आहे. आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचून घ्यावयाचे हे औषध माणसाची भूकच शांत करते. कालपर्यंत ज्याला भाताची दुसरी वाढ नाकारता येत नव्हती, तो आज अर्ध्या ताटावर हात धुतो. त्याने नवा निश्चय केलेला नाही, उपासाचे व्रत घेतलेले नाही, प्रार्थनेत अधिक वेळ घालवलेला नाही. मग त्याच्या ठायी दिसणारा हा संयम कोणाचा म्हणावयाचा? आणि कालचा असंयम तरी कोणाचा होता?

या प्रश्नाचा विचार तंजावरच्या साक्षीने करावा असे मला वाटते. मराठी वाचकाला हे नगर व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे ठाऊक आहे. ख्रिस्ती वाचकाला ते रेव्हरंड ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्यामुळे ठाऊक असते. परंतु अन्न, भूक आणि औषध या तीन गोष्टींचा एकत्र विचार जितका या गावी झाला तितका मराठी माणसाने अन्यत्र क्वचितच केला असेल. कावेरीच्या खोऱ्यातील हा भाताचा मुलूख. येथील राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कोणते धान्य, कोणती भाजी, कोणते दूध देहाला काय करते याची त्यात मोठी चर्चा आहे. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७७७ ते १८३२) धन्वंतरी महाल उभारला. तेथे निरनिराळ्या परंपरांचे वैद्य एकत्र बसत, औषधे सिद्ध करीत आणि रुग्णांवर होणारा परिणाम लिहून ठेवीत. अनुभवाला उतरलेले योग कवींकडून तमिळ पद्यात गुंफवून घेतले गेले, म्हणजे ते लोकांच्या तोंडी राहावेत. 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने हे भाग पुढे छापले गेले. त्यांत मधुमेहावरील चिकित्सेचाही एक भाग आहे. औषध शोधावे, ते पारखावे आणि मग ते सर्वांच्या तोंडी होईल अशी तजवीज करावी, हा तंजावरचा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची आठवण करावी लागणार आहे.

प्रथम हे नवे औषध काय करते ते पाहू. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचा एक संप्रेरक रस रक्तात उतरतो. तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास सांगतो, जठर रिकामे होण्याची गती कमी करतो आणि मेंदूला निरोप देतो की आता पुरे. मात्र हा निरोप्या फार अल्पायुषी असतो. काही मिनिटांतच तो नाहीसा होतो. १९९२ साली अमेरिकेतील डॉ. जॉन एंग यांना तेथील वाळवंटात राहणाऱ्या 'गिला' नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत याच जातीचा परंतु अधिक काळ टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून बनलेले पहिले औषध २००५ साली मधुमेह्यांसाठी आले. सेमाग्लुटाइड हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल. त्याचा प्रभाव आठवडाभर टिकतो. 'ओझेम्पिक' आणि 'वेगोव्ही' ही त्याचीच व्यापारी नावे. टिर्झेपेटाइड, म्हणजे 'मौंजारो', हे याच कुळातील अधिक प्रभावी औषध. अमेरिकेत सेमाग्लुटाइडला स्थूलतेवरील औषध म्हणून जून २०२१ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही विक्रीस आले.

परिणाम साधा नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेली १९६१ स्थूल माणसे होती. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. ज्यांना औषधाविना नुसतीच सुई टोचली होती त्यांचे वजन अडीच टक्केही उतरले नाही. आहार व व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच दिलेला होता. २०२३ साली हृदयरोग असलेल्या १७,६०४ माणसांवरील चाचणीत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने येणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. यापुढे या औषधाला केवळ सौंदर्याची हौस म्हणून हिणवणे न्यायाचे होणार नाही. परंतु याच संशोधनातली आणखी एक नोंद मला अधिक विचारप्रवर्तक वाटते. औषध थांबविल्यावर वर्षभरात लोकांचे उतरलेले वजन सुमारे दोन तृतीयांश परत आले. सव्वा वर्ष ही माणसे थोडके खात होती. सवयीनेच मन घडत असते तर एवढ्या अवधीत ती पक्की व्हावयास हवी होती. औषध गेले आणि भूक जशी होती तशी परतली.

येथेच आपला जुना निवाडा डळमळतो. जो पुरे म्हणू शकत नव्हता, त्याच्या कानी 'पुरे' हा निरोप पोहोचतच नव्हता, किंवा फार क्षीण पोहोचत होता. आपल्या कानी तो नीट पोहोचत होता म्हणून आपण वेळेवर हात आवरला, आणि त्याला आपण आपले चारित्र्य समजलो.

हे अगदीच नवे ज्ञान आहे असेही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्या आठ प्रकारच्या देहांना निंदित म्हटले आहे त्यांत अतिस्थूल माणूस आहे. शब्द कठोर आहे. पण त्याच अध्यायात स्थूलतेची कारणे सांगताना जड व गोड अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्या जोडीला बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा, हेही कारण सांगितलेले आहे. इतकेच नव्हे, मेदाने वाट अडविल्यामुळे वायू कोठ्यात फिरत राहतो, अग्नी भडकवितो, आणि म्हणून स्थूल माणसाला वारंवार भूक लागते, असे चरकाचे म्हणणे आहे. वायू आणि अग्नी यांची भाषा आज आपण वापरणार नाही. परंतु अनावर भूक ही रोगाचे कारण असते तशी रोगाचे फळही असते, हे त्या वैद्याने ओळखले होते. लोकांनी मात्र अध्यायातला 'निंदित' हा एकच शब्द उचलला.

ख्रिस्ती परंपरेतही काहीसे असेच झाले आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या अरण्यात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या साधूने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, तिच्या अग्रभागी खादाडपणा ठेवला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिची सात पापे केली, आणि त्यांतही हे पाप राहिले. पण एव्हाग्रियस खादाडपणा कशाला म्हणतो हे पाहिले तर नवल वाटते. भरल्या ताटाचे चित्र तो फारसे काढतच नाही. उपवास करणाऱ्या साधूच्या मनात जठर, यकृत आणि प्लीहा यांची काळजी उत्पन्न होते, आपण आजारी पडू, औषध मिळणार नाही, वैद्य मिळणार नाही, अशी धास्ती त्याला घेरते. या धास्तीला तो खादाडपणाचा विचार म्हणतो. त्याच्या दृष्टीने ही स्वतःच्या अंतःकरणाची परीक्षा होती. शेजाऱ्याच्या पोटाचा घेर मोजण्याचे ते साधन नव्हते. वाचकांना हेही ठाऊक आहे की खुद्द प्रभू येशूवर त्याच्या काळच्या धार्मिक लोकांनी खादाड आणि मद्यपी असा शिक्का मारला होता. कारण तो ज्यांच्या पंगतीला बसे ती माणसे त्यांना पसंत नव्हती. तेव्हा हा शब्द उच्चारताना ख्रिस्ती माणसाची जीभ तरी किंचित अडखळावयास हवी.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण या विषयात जगाला एक फार महत्त्वाची गोष्ट पुण्याने शिकविली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण हा फरक सगळीकडे सारखा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणारे परंतु आतून चरबी धरून असणारे हे बाळ पुढे मधुमेहाला लवकर बळी पडते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लिश सहकारी प्रा. जॉन युडकिन यांनी आपलीच दोन छायाचित्रे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. हा वारसा कोठून आला? गर्भात असताना अन्न कमी पडले तर देह मेंदू आणि चरबी वाचवितो व स्नायूंवर काटकसर करतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे. आईच्या आणि आजीच्या अर्धपोटी दिवसांची नोंद नातवाच्या देहात राहते. ज्या पोटाला आपण चैनीची खूण समजतो ती अनेकदा जुन्या उपासमारीची खूण असते!

आकडेही हेच सांगतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि जवळपास १९ टक्के स्त्रिया हडकुळ्या होत्या. तमिळनाडूत वजन प्रमाणाबाहेर असणाऱ्या स्त्रिया ४० टक्क्यांवर गेल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर असल्याचे दिसले. एकाच पिढीत भूक आणि स्थूलता एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात नांदत आहेत. तमिळनाडूत २०११ पासून शिधापत्रिकेवर तांदूळ विनामूल्य मिळतो. त्यामुळे कित्येक घरांतील चूल विझली नाही, हे थोडे पुण्य नव्हे. पण पॉलिश केलेल्या तांदळाने पोट भरते तसे डाळ, भाजी, फळे यांनी भरण्याइतका पैसा त्या घरात नसतो. अशा घरातील स्त्रीला संयम शिकविण्याचे धाडस मी करणार नाही.

आपण म्हणाल, मग संयम नावाची काही गोष्ट उरतच नाही काय? सारे रसायनच असेल तर उपासकाळातील उपवासाला तरी काय अर्थ? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून जाता येणार नाही. माझे म्हणणे असे की औषधाने जे मिळते तो संयम नव्हेच. ज्याला भूक लागलेली नाही तो जेवला नाही तर त्याने उपवास केला असे आपण म्हणत नाही. उपवासाला भूक लागते. ती नसेल तर अर्पण करावयास हाती काही राहत नाही. औषध घेणारा माणूस म्हणून अधिक सद्गुणी होत नाही. त्याच्या डोक्यातील अन्नाचा अखंड कोलाहल थांबतो, एवढेच. असा कोलाहल ज्यांनी कधी ऐकलाच नाही त्यांना तो थांबण्याचे मोल कळावयाचे नाही. दिवसातील प्रत्येक तास पुढच्या घासाशी झगडण्यात घालविणाऱ्या माणसाला एकाएकी मोकळा वेळ आणि मोकळे मन मिळते. त्या मोकळेपणाचे तो काय करील, हा नैतिक प्रश्न औषधानंतर सुरू होतो, आणि तो ज्याचा त्याला सोडवावा लागतो. उलट बाजूने, जन्मतःच ज्याची भूक बेताची आहे तो सडपातळ गृहस्थही संयमी ठरत नाही. त्याला फुकट मिळालेले स्वास्थ्य दुसऱ्याला आठवड्याच्या सुईने विकत घ्यावे लागते, इतकाच दोघांतील फरक. या दोघांपैकी अभिमान धरण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तोटेही आहेत, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मळमळ, उलट्या आणि बद्धकोष्ठ हे नेहमीचे. पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाची सूज हे क्वचितचे पण गंभीर. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही उतरतात. ज्या आपल्या देहात स्नायूंची पुंजी मुळातच तोकडी, त्याला ही घट अधिक जाचक ठरू शकते. म्हणून पुरेशी प्रथिने आणि अंगमेहनत यांवाचून हे औषध घेणे शहाणपणाचे नाही. काहींना जेवणात गोडीच उरत नाही. ही तक्रार लहान समजू नये. आपल्याकडे माया ताटातून वाढली जाते. पाहुणा 'नको' म्हणतो आणि यजमानीण आणखी एक वाढते, तो नाही म्हणत राहिला तर रुसते. हा आग्रह आपण प्रेम समजतो, आणि त्याच पाहुण्याचे पोट सुटले की पाठीमागे हसतो. औषध घेणारा माणूस आता खरोखरच 'नको' म्हणेल. त्याला माया कशी दाखवावी हे आपल्या गृहिणींना आणि मंडळ्यांच्या प्रीतिभोजनांना नव्याने शिकावे लागणार आहे. आणि लग्नाच्या छायाचित्रासाठी चार किलो उतरावेत म्हणून धट्टीकट्टी मुलगी हे औषध मागू लागली, तर तिला औषधाची गरज नसून तिला तसे वाटावयास लावणाऱ्या आपणा सर्वांना चार शब्द ऐकविण्याची गरज आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न; मला तो सर्वांत मोठा वाटतो. मौंजारो भारतात आले तेव्हा कमी शक्तीच्या एका कुपीची किंमत ३५०० रुपये होती आणि आठवड्याला एक कुपी लागे. म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. औषध थांबविले की वजन परतते, तेव्हा हा खर्च एका महिन्याचा नव्हे. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे देशी कंपन्यांच्या हातून ते स्वस्त होण्याची आशा आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध करतानाच बजावले की ज्यांना त्यांचा लाभ होऊ शकेल अशा दहांतील एकापर्यंतही ती २०३० साली पोहोचणार नाहीत.

सेमाग्लुटाइड बनविणारी कंपनी डॅनिश आहे. २०२३ साली तिचे बाजारमूल्य डेन्मार्क देशाच्या वार्षिक उत्पन्नाहून अधिक झाले होते. तंजावरला डॅनिश लोक अपरिचित नाहीत. १६२० साली रघुनाथ नायकाच्या परवानगीने ते कावेरीच्या मुखाजवळील तरंगंबाडीस उतरले आणि १८४५ पर्यंत तेथे राहिले. त्यांच्याच राजाने धाडलेले झिगेनबाल्ग १७०६ साली तेथे पोहोचले, आणि १७५० साली श्वार्ट्झ याच बंदरात उतरले. या कंपनीचे मूळही धंद्यात नव्हते. नोबेल पारितोषिक मिळविलेले ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मारी १९२२ साली अमेरिकेस गेले. मारीबाईंना स्वतःला मधुमेह होता. टोरांटोहून इन्सुलिन बनविण्याची परवानगी घेऊन ते परतले. ज्यांनी इन्सुलिन शोधले त्यांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले होते.

श्वार्ट्झ यांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. हैदर अलीच्या स्वारीत, १७८० नंतरच्या त्या वर्षांत, तंजावरच्या किल्ल्यात माणसे भुकेने मरत होती. धान्य मुलुखात होते. ते वाहून आणावयास बैल आणि माणसे मिळत नव्हती, कारण दाम मिळतील असा कोणाचाच सरकारवर भरवसा उरला नव्हता. श्वार्ट्झ यांनी स्वतः जामीन राहून शब्द दिला तेव्हा गाड्या आल्या. स्वतः आधी स्वस्ताईत घेऊन ठेवलेला तांदूळही त्यांनी भुकेल्यांना वाटला. औषधांच्या बाबतीत आज आपली स्थिती फारशी वेगळी नाही. वस्तू जगात आहे, आणि जामीन राहणारा कोणी नाही.

त्यांच्या देखरेखीखाली वाढलेले सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत, पण त्यांच्या छत्रांत काय चाले हे वाचण्यासारखे आहे. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ही अन्नछत्रे चालू ठेवण्याची विनंती केली. ब्राह्मणापासून तथाकथित अस्पृश्यापर्यंत येईल त्याला तेथे शिजवलेला भात मिळे. वाटसरू आजारी पडला तर छत्रातच वैद्य असे, औषध दिले जाई आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल असे पथ्याचे अन्न वेगळे शिजे. गर्भवतीची, अनाथ लेकराची सोय असे. भुकेल्याचा भात आणि रोग्याचे पथ्य एकाच छपराखाली, एकाच खर्चात बसविलेले होते. पुढल्याच वर्षी ओरत्तनाडू येथे मुक्तांबेच्या नावाचे छत्र उभे राहिले. राज्य तर १७९९ मध्येच इंग्रजांच्या हाती गेले होते. राजांनी त्या पत्रात लिहिले की या दानधर्मामुळे तंजावरला लोक धर्मराज्य म्हणतात, आणि ही पदवी आपण आपल्या सर्व मानमरातबाहून मोठी समजतो.